गंगूअक्कांची बाटली

टेबलावर वाइनच्या चार बाटल्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या दोन हिम्मतरावांनी मनातल्या मनात केव्हाच आपल्या करून टाकल्या होत्या.

गंगूअक्कांच्या मुलाने, युवराजने त्या दुपारीच आबिड्सच्या बाजारातून आणलेल्या. उद्या विशाखापट्टणमची गाडी, परवा तिथून जहाज. गौलीगुड्यातल्या त्या घरात समुद्राला निघायची नुसती धांदल उडाली होती. बाटल्या घरात आल्या तेव्हा गंगूअक्का एवढंच म्हणाल्या होत्या, ‘‘देवाकडं पाठ करून ठेवा.’’ आणि पुन्हा बेसनाचे लाडू डब्यात भरायला बसल्या.

हिम्मतराव म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. भाच्याने त्यांचंही जहाजाचं तिकीट काढलं म्हणून कालच उदगीरकडून आलेले. आल्यापासून येता-जाता डब्यातला लाडू उचलत होते. बहिणीच्या घरी विचारायचं काय असतं! त्याच सवयीने त्यांनी आता दोन बाटल्या उचलल्या आणि आपल्या बॅगेत घातल्या.

‘‘मामा, दोन नक्को,’’ युवराज म्हणाला. ‘‘जहाजवाल्यांचा रूल हाय. मोठ्या माणसाला एक बाटली, सीलबंद, आणि ज्याची त्यानंच हातातल्या पिशवीत न्यायची. चढताना चेक करतात. जास्तीची काढून घेतील.’’

हिम्मतराव कुठे अडतायत! त्यांनी एक बाटली बाहेर काढली आणि सरळ बहिणीच्या मांडीशी आणून ठेवली.

‘‘अक्का, वर चढेपर्यंत तू धर. नावाला तुझी. चढलं की माझ्याकडं दे. तुला काय करायची हाय?’’

गंगूअक्कांचा हात डब्यातच थांबला.

हेच शब्द, याच तोंडून, त्यांनी एकदा उदगीरच्या कचेरीच्या पायरीवर ऐकले होते. बहिणींनी बापाच्या जमिनीतला हक्क भावाला सोडायचा, हे त्यांच्याकडे दिवाळीच्या ओवाळणीइतकं ठरलेलं. न सोडणारीला माहेरचा उंबरा बंद. अक्कांनी सोडला. साडीचोळी मिळाली. गंगू म्हणजे देवमाणूस, असं सगळा गाव म्हणाला. देवमाणसाला त्यानंतर कुणी काही विचारलं मात्र नाही, आणि ते अक्कांना अजून टोचत होतं.

त्यांनी पदराला हात पुसले, बाटली उचलली, उजेडाकडे धरून पाहिली.

‘‘रेणू, ही लागती कशी गं?’’

सून सुटकेस बंद करता करता थबकली. ‘‘आई, तुम्ही? म्हणजे... जरा तुरट असते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते ना, तशी.’’

‘‘मग जमंल. आमच्या बांधावर होतं जांभूळ. त्याचीच जीभ हाय ही.’’

हिम्मतराव मोठ्याने हसले. हसणारे ते एकटेच आहेत हे कळल्यावर थांबले. ‘‘अगं, या वयात पिणार का तू? लोक काय म्हणतील?’’

‘‘समुद्रात कुठले आलेत लोक?’’

‘‘पण तुला सोसंल का?’’

‘‘नाही सोसली तर उशाशी ठेवीन. नाहीतर समुद्राला वाहीन. तिचं काय करायचं ते माझं मी बघीन.’’ अक्कांनी मुलाकडे पाहिलं. ‘‘माझ्या वाट्याची हाय ना रे ही?’’

‘‘हौ अम्मा,’’ युवराज म्हणाला. ‘‘तुझीच.’’

अक्का उठल्या. आपल्या नव्या नऊवारीत बाटली नीट गुंडाळली, हातातल्या पिशवीत तळाशी ठेवली आणि पिशवीचे बंद दोन वेढे देऊन बांधले. इतकं छान त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

‘‘एका बाटलीपायी भावाला परकं करायलीस, अक्का?’’ हिम्मतराव आता खरंच दुखावले होते.

‘‘परकं कशाला करीन? बस की जहाजावर माझ्या शेजारी. तुझी संपली आन् माझ्यातली पाहिजे वाटली तर माग. घोटभर काय, अर्धी देईन. पण माग.’’

‘‘मग मघाशी काय मागितलं नाही का?’’

‘‘मघाशी सांगितलंस, हिम्मत. कचेरीतबी सांगितलंच होतंस.’’

रेणू सुटकेसच्या कुलपाशी उगीचच खुटखुट करत राहिली. बाहेर बसस्टँडकडचे हॉर्न वाजत होते. हिम्मतराव खुर्चीवर बसले, मग उठले, खिडकीपाशी जाऊन परत आले. अक्का पुन्हा खाली बसून उरलेले लाडू भरू लागल्या.

हिम्मतरावांचा हात सवयीने डब्याकडे गेला आणि मधेच थांबला.

‘‘अक्का,’’ ते म्हणाले, ‘‘एक लाडू घेऊ?’’

गंगूअक्कांनी डबा उचलून त्यांच्यापुढे धरला.