पिवळा कॅल्क्युलेटर

"ए, पुढच्या वर्षी साधंच कॅल्क्युलस घेऊ. अवघडवालं, कॉलेजच्या पातळीचं एपी नको, झोपेची वाट लागेल," कॅफेटेरियात पिझ्झा चावत वेरिटी म्हणाली. ब्रिनने मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. शाळेत पहिली वेरिटी, दुसरी ती. एपीच्या गुणांना वजन जास्त, आणि ग्रॅज्युएशनचं भाषण पहिल्या येणाऱ्या मुलीलाच मिळतं. "गंडवतेय ती तुला," घरी आई म्हणाली. "स्वतः गुपचूप एपीत बसेल, बघ." ब्रिनने कुणालाही न सांगता शाळेच्या समुपदेशकाकडून साधा वर्ग बदलून एपी घेतलं. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तशी ती एपीच्या वर्गात शिरली आणि वेरिटीला रंगेहाथ पकडायला एकेक चेहरा निरखू लागली. वेरिटी नव्हती. तेवढ्यात फोन थरथरला. तिनेच साध्या वर्गातून फोटो पाठवला होता: शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिचा पिवळा कॅल्क्युलेटर ठेवलेला. खाली लिहिलं होतं, "कुठे मेलीस? कधीची जागा धरून बसलेय!"