वारा मागून होता

"अजून चौदाशे किलोमीटर," गॅलरीच्या कठड्याला टेकून हितेंद्रने मोबाइलमध्ये बघत सांगितलं, आणि राजाराम दोन पावलं मागे सरकला.

शेजारच्या खोलीतला हा हितेंद्र दादरला विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात कामाला. लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. त्याच्या मोबाइलवर एवढंसं पिवळं विमान समुद्रावरून सरकत होतं. त्यात विनीत होता, राजारामचा एकुलता एक.

अकरा वर्षं पोरगा आला नव्हता. बापाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रजा नव्हती. आईची पंचाहत्तरी झाली, तेव्हा केक आला. केकच आला. काल दुपारी मात्र राजारामने फोनवर चारच शब्द काढले, "विनीत, आई गेली रे," आणि दोन तासांत तिकीट निघालं. मी येईपर्यंत उचलू नका, एवढंच तो रडत रडत म्हणाला. नाही उचलत, म्हणाला राजाराम. मुलाच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय उचलायचं नाही, ही रीतच आहे.

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून एकही टीव्ही लागला नव्हता. समोरच्या जाईबाईंनी राजारामच्या घरात गॅस पेटू दिला नाही. त्यांच्याकडूनच पिठलं-भाकरीची दोन ताटं आली. आत भिंतीलगत पांढऱ्या चादरीखाली कमल, उशाशी कणकेचा दिवा, वात दक्षिणेला. राजाराम आत जाई, तिच्याकडे बघे, की पुन्हा गॅलरीत.

"वारा मागून आहे, काका," हितेंद्र म्हणाला. "अर्धा तास लवकर उतरेल."

दुसऱ्या कुणी देवाला हात जोडले असते. राजारामने कठडा घट्ट धरला. विमानं कधी कधी वरच घिरट्या घालत बसतात ना, असं त्याने चाचरत विचारलं. घालतात, पण टाळून टाळून किती टाळणार, असं हितेंद्रचं म्हणणं पडलं.

"तो माझ्या तोंडाकडे बघेल रे. मी काय सांगू त्याला?"

"काही सांगू नका. नुसते रडा."

"आणि रडूच नाही आलं तर?"

तर पन्नास वर्षं बायकोशी कसे वागलात ते आठवा, जाईबाईंनी दारातूनच सुनावलं. आपोआप येईल.

विमान उतरलं. तिथून लालबाग फार तर तासाभराचं, हितेंद्र म्हणाला. सात हजार किलोमीटरचा हिशोब चोख जमला, पण परळच्या सिग्नलचा कोण देणार? राजारामने त्या तासात चार वेळा तोंड धुतलं आणि चारही वेळा आरशात बघायचं टाळलं.

टॅक्सी फाटकाशी थांबली. गॅलरीतली माणसं भिंतीला सरकली. जिन्यावर चाकांची बॅग पायरी पायरी आपटत वर येऊ लागली. राजाराम धडपडत आत शिरला, चादर कमलच्या कपाळावरून नीट ओढून घेतली आणि दिव्याची वात सारखी करायला गेला. त्या घाईत दिवा विझता विझता राहिला.

चादरीखालून कमल म्हणाली, "अहो, आधी माझा चष्मा द्या. अकरा वर्षांनी येतोय, नीट बघू दे मला."