सुरुंगाचा अर्ज

१९४८ चा उन्हाळा. असोद्याच्या उखर्डूच्या विहिरीला तीस हातांवर काळा खडक लागला. सुरुंग लावल्याशिवाय तो फुटणार नव्हता आणि वर केळीची पानं पिवळी पडत चालली होती. पण हैदराबाद संस्थानाच्या हद्दीवर रझाकार बॉम्ब उडवताहेत अशा बातम्या आल्या, आणि जळगावात सुरुंगाची दारू परवान्याशिवाय मिळेनाशी झाली. शेजारच्या दोघांनी ती चोरून आणली. त्यांच्या विहिरींना पाणीही लागलं. उखर्डूने मात्र रीतसर अर्ज केला. दोन महिने हेलपाटे घातले. दर वेळी कारकून म्हणे, "पुढच्या सोमवारी ये."

मग एका सोमवारी पोलीसच मळ्यात आले. त्यांनी घर उलटंपालटं केलं, कणगीतली ज्वारी अंगणात ओतली आणि बेबाबाईच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला बेड्या घातल्या.

"साहेब," उखर्डू रडकुंडीला येऊन म्हणाला, "बॉम्ब करनारा मानूस सरकारकडे अर्ज करीन का?"

"नाही करणार. तेवढं मलाही कळतं," फौजदार वैतागून म्हणाला. "पण वरून वीस संशयितांची नावं मागितलीत. आणि माझ्याकडे नावं आहेत ती फक्त अर्ज करणाऱ्यांची."