कंकणातली बेरीज

हेमलताच्या कंकणावर शून्य उमटलं आणि ओवाळायला जमलेल्या बायकांनी तबक खाली ठेवलं.

लग्नात बांधलेलं कंकण हल्ली पंचविसाव्या वर्षी सोडायची पद्धत होती. तोवर नवराबायकोचा एकमेकांना स्पर्श झाला, की एकाकडून दुसऱ्याकडे वाहणारा विजेचा बारीकसा प्रवाह ते मोजायचं आणि त्याची बेरीज करत राहायचं. थोरल्या जावेचा आकडा एवढा मोठा आला होता, की घरात पेढे वाटले होते.

"बिघडलंय का गं हे?" हेमलताने भाचीला विचारलं. ऋचा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची.

"नाही मामी. तुमच्याकडून गेलेलं अधिक धरतात, मामांकडून आलेलं उणे. जेवढं गेलं तेवढंच परत आलं, तर बेरीज शून्यच येणार."

"आणि काही गेलंच नसेल तर?"

"तरी शून्यच," ऋचा चाचरत म्हणाली.

हेमलताला काही उमजेना. तापात कपाळावर ठेवलेला नवऱ्याचा हात आठवला, आणि अबोल्यात गेलेली वर्षंही. समोर वामनराव रिवाजाप्रमाणे एकाच हाताने गाठ सोडवत होते. गाठ सैल होत आली, तसं तिने हळूच मनगट मागे ओढलं. गाठ पुन्हा आवळली गेली.