वहिनींचा एक चांगला फोटो

बागेतल्या संगमरवरी पुतळ्याचा चेहरा सापडला होता. शेजाऱ्यांच्या मांजराचाही सापडला होता आणि त्याच्याखाली ‘हे कोण आहेत?’ असं सॉफ्टवेअरने अदबीने विचारलंही होतं. फक्त वहिनींचा चेहरा काही केल्या सापडत नव्हता. धाकट्या दिराचं डोकं फिरलं.

सकाळीच वहिनींच्या लॅबमधून फोन आला होता. सगळी नोकरी लोकांचं रक्त तपासण्यात घालवलेल्या वहिनी उद्या निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात लावायला त्यांचा एक मोठा, चांगला फोटो हवा होता. “त्यांना कळू देऊ नका हं,” फोनवरची बाई म्हणाली, “आणि आज संध्याकाळच्या आत छापायला टाकायचाय. तुमच्याकडे काय, ढीगभर असतील!”

“तुम्ही फक्त आकार सांगा,” धाकटा ऐटीत म्हणाला होता.

ऐट अगदीच उसनी नव्हती. दिवसा तो विमा कंपनीत खुर्ची उबवायचा, पण त्याचा जीव सगळा कॅमेऱ्यात. आई गेल्यापासून तो दादा-वहिनींकडेच राहत होता. त्या घरात माणसांच्या कपड्यांना कपाट पुरत नव्हतं, पण त्याच्या लेन्सना दमटपणा मोजणारी स्वतंत्र पेटी होती, आणि तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. घरातलं लग्न म्हणू नका, वाढदिवस म्हणू नका, त्याने एकही सोडला नव्हता. फोटोंचा डोंगर झाला म्हणून तर त्याने हे महागडं सॉफ्टवेअर घेतलं. चेहरे ओळखून ज्याचे त्याचे फोटो वेगळे लावतं म्हणे! त्याने दादाचे लावले, मुलांचे लावले. दादाचे साहेब एकदाच जेवायला आले होते, त्यांचेही लावले.

धाकट्याने थेट दुकानात फोन लावला.

“अहो, हा कसला माल गळ्यात मारलात? मांजर ओळखतं आणि माणूस ओळखत नाही! जिच्या जिवावर हे घर चाललंय, तिचा एक फोटो काढून देता येत नाही त्याला? लाज वाटली पाहिजे!”

दुकानदार मुरलेला होता. त्याने सगळं निमूट ऐकून घेतलं. “साहेब, एक काम करा. त्यांचा एखादा फोटो तुम्हीच शोधा आणि त्याला दाखवा. एकदा दाखवला की बाकीचे ते झटक्यात काढून देईल.”

धाकटा दातओठ खात शोधायला बसला. पुतणीच्या लग्नात उजेड परतवायची चंदेरी चकती धरलेला एक हात सापडला. बांगडीवरून कळलं, वहिनींचा. सहलीच्या फोटोत कडेला त्याची कॅमेऱ्याची बॅग होती आणि बॅगेच्या पट्ट्याखाली वहिनींचा खांदा. वाढदिवसाच्या फोटोत सगळे केकभोवती हसत होते, आणि पार मागे कोणीतरी बशा घेऊन येत होतं. लेन्स भारी होती. मागचं सगळं तिने लोण्यासारखं वितळवलं होतं.

आता त्याने आपला मोर्चा दादाकडे वळवला. “कमाल आहे तुझी, दादा! इतक्या वर्षांत बायकोला एकदा फोटोत ओढावंसं वाटलं नाही तुला?”

दादाने पेपर खाली केला. “मी कशाला ओढू? सगळ्यात आधी फोटो तिचाच निघतो. तूच तर उभं करतोस.”

दादाचं खरं होतं. प्रत्येक वेळी ‘वहिनी, जरा उभ्या राहा’ म्हणून हाक जायची. वहिनी हातातलं काम टाकून यायच्या, तो उजेड बघायचा, फोकस लावायचा, दोन-तीनदा बटण दाबायचा. मग वहिनी बाजूला व्हायच्या आणि खरी माणसं येऊन उभी राहायची. घरी आल्यावर ते आधीचे फोटो पुसून टाकायची त्याची शिस्त होती. फोटोग्राफी क्लबातल्या नवशिक्यांनाही तो बजावून सांगायचा, चाचणीचे फोटो ठेवू नका, उगाच जागा खातात.

त्याला स्वतःचा असा संताप आला की दुकानदाराला घातलेल्या सगळ्या शिव्या त्याने स्वतःलाच पुन्हा घातल्या. सॉफ्टवेअर बिचारं खरं तेच सांगत होतं.

त्याने पेटीतली सगळ्यात चांगली लेन्स काढली. खिडकीचा पडदा सारला. मागची खुर्ची हलवली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

“वहिनी, जरा खिडकीपाशी येता?”

“आले हं, भाऊजी.” वहिनी ओले हात पुसत आल्या. कुठे थांबायचं ते त्याने सांगितलं नाही, तरी बरोबर जागेवर थांबल्या. हनुवटी किंचित उजेडाकडे वळवली. केसांवरून हात फिरवला नाही की हसल्या नाहीत. धाकट्याने त्यांच्या डोळ्यांवर फोकस लावला. त्याने बटण दाबलं.

वहिनी लगेच बाजूला झाल्या.

“आला ना उजेड नीट? मग बोलवा आता, ज्यांचा काढायचाय त्यांना.”