ठेंगूरावांचा नवा प्रेक्षक

“माझे ओठ हलत नाहीत ना गं?” मांडीवरच्या लाकडी ठेंगूरावांना सावरत बाबांनी लेकीला विचारलं. बोलक्या बाहुल्याचे खेळ करण्यात हयात गेलेला माणूस तिच्या प्रयोगशाळेत मात्र घामाघूम झाला होता.

दिसणं आणि ऐकणं मेंदू कसं जुळवतो, त्याची नक्कल लेकीनं संगणकात उभारली होती. बाहुलाच बोलतोय, असं माणसांसारखं संगणकालाही वाटायला हवं होतं. पण आवाजाची जागा दाखवणारा लाल ठिपका बाबा आणि बाहुल्याच्या मधे हवेतच लटकायचा. आज शेवटची संधी, समोर बसलेल्या विभागप्रमुख मॅडमनी बजावलं होतं. नाहीतर प्रकल्प बंद.

संगणक डोळ्यांवर आणि कानांवर सारखाच विश्वास ठेवायचा, तिथंच घोडं अडलं होतं. ज्याला स्पष्ट कळतं त्याचं जास्त ऐक, हे लेकीनं त्याला परवाच शिकवलं.

ठेंगूरावांनी कटकन मान वळवली. “मॅडम, कॅमेरे झाले, दिवे झाले. चहाचं काय?”

पडद्यावरचा ठिपका थरथरला, सरकला आणि थेट ठेंगूरावांच्या तोंडावर बसला.

“फसला!” लेक ओरडली. “बाबा, अगदी माणसासारखा फसला!”

टाळ्या वाजवत मॅडम ठेंगूरावांकडे वाकल्या. “सांगते हं चहा. साखर चालते ना तुम्हांला?”