हात खाली करायचा नाही

उल्हास पाण्यात पडला तेव्हा शुभदा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडत होती. शिडाचा आडवा दांडा एकदम फिरला, नवऱ्याच्या खांद्यावर आदळला आणि तो होडीच्या कडेवरून मागच्या मागे गेला. सुकाणूचं चाक त्याच्या मित्राच्या, जयदीपच्या हातात होतं. "दोन मिनिटं धर फक्त," असं त्याला सांगून उल्हास अडकलेला दोर सोडवायला पुढे गेला होता.

"उल्हास!" जयदीप ओरडला आणि चाकाला आणखीच घट्ट धरून उभा राहिला. होडीला त्याचं काय, ती आपली वाऱ्याबरोबर पुढे चालली होती.

शुभदा उठली. पुऱ्या पायाखाली गेल्या. तिनं उजवा हात लांब केला आणि बोट उल्हासच्या डोक्यावर रोखलं.

तिला काम दिलं होतं ते हेच. सप्टेंबरमध्ये दोन्ही जोडपी ग्रीसला जाणार होती, स्वतः होडी हाकत बेटाबेटांवर हिंडणार होती. त्याची तालीम म्हणून आज कॅनडातल्या हॅमिल्टनहून भाड्याची होडी घेऊन लेक ओन्टारिओत आली होती. होडी चालवायला शिकलेला एकटा उल्हास. सकाळी त्यानं पडलेला माणूस समजून पाण्यात एक उशी फेकली आणि प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं. शुभदाला पाण्याची भीती, म्हणून तिला सगळ्यात सोपं. "कोणी पडलं की त्याच्याकडे बोट दाखवायचं, बास. नजर हलवायची नाही, हात खाली करायचा नाही. लाटांत माणूस एकदा नजरेआड झाला की संपलं."

"बोट दाखवायला शुभदाला शिकवायला नको," जयदीप म्हणाला होता आणि सगळे खो खो हसले होते. उशी शेवटी उल्हासनंच परत आणली. बाकीच्यांनी फोटो काढले.

मे महिना होता. ऊन टी-शर्टचं, पण पाणी अजून फेब्रुवारीतच अडकलेलं. लाइफ जॅकेट उल्हासला बुडू देणार नव्हतं, पण गारठ्यापुढे जॅकेट काय करणार? त्यात ती जॅकेटं निळी. पाण्यात घालायची वस्तू निळी करणाऱ्याला काय म्हणावं!

जयदीपच्या बायकोनं, रुचानं, मदतीसाठी नाइन वन वन लावला होता. "वी आर इन द लेक! विच पार्ट? आय डोन्ट नो, द वॉटर पार्ट!"

"जयदीप, इंजिन चालू कर," शुभदा मान न वळवता ओरडली. "किल्ली गुडघ्यापाशी आहे. आणि तो लाल दोर सोड, शीड फडफडू दे." सबंध हिवाळा जेवणाच्या टेबलावर उल्हासनं हेच दळण दळलं होतं.

"मला तो दिसतच नाहीये गं!"

"माझ्या हाताकडे बघ. हात आहे तिकडे ने."

होडी वळायला लागली. ती वळेल तशी शुभदाही पाय सरकवत वळत राहिली. उल्हास दिसायचा, लाटेमागे जायचा, पुन्हा दिसायचा. चष्म्यावर पाणी उडालं. पुसायचा तर नजर काढावी लागणार. तिनं पुसला नाही.

मग एक लाट सरली आणि तिच्यामागे उल्हास नव्हता. पुढची सरली, तिच्याही मागे नव्हता.

मघाशी तो किनाऱ्यावरच्या पोलाद कारखान्याच्या दोन धुरांड्यांच्या मधोमध दिसत होता. तिनं बोट तिथेच ठेवलं. तिथे नुसतं पाणी होतं.

"दिसतोय ना?" जयदीपनं विचारलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता. आपला हात खाली आला तर हा चाक सोडून मटकन खाली बसेल, हे तिला कळत होतं.

"दिसतोय," ती म्हणाली. "सरळ चल."

हात भरून आला, तेव्हा तिनं डाव्या हातानं कोपराला टेकू दिला. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर एकही देव आठवेना. होडी पुढे जात होती आणि त्या बोटासमोर काहीही नव्हतं.

"तो बघ! तो बघ!" रुचा किंचाळली. शुभदाच्या बोटापासून बऱ्यापैकी डावीकडे, पाण्यातून एक हात वर आला होता.

मागच्या शिडीवरून तिघांनी मिळून त्याला वर ओढलं. ओले कपडे काढले, होडीत होती नव्हती ती सगळी पांघरुणं त्याच्याभोवती गुंडाळली. रुचानं फोनवर सापडला, सापडला असं आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत. होडी बंदराच्या दिशेनं निघाली.

उल्हासचे दात वाजत होते, ओठ जांभळे पडले होते. बोलू नकोस म्हटलं तरी बोलत होता. "हातपाय चालेनासे झाले होते गं. सोडून द्यावंसं वाटलं. पण तुझा हात दिसत होता. म्हटलं, हात वर आहे म्हणजे हिला मी दिसतोय."

"ग्रीसचं पाणी एवढं गार नसतं," चाकापाशी जयदीप पुटपुटला.

"पूर्ण वेळ दिसत होतो ना?" उल्हासनं विचारलं.

"हो," शुभदा म्हणाली.

तिचा चष्मा अजून ओलाच होता. तो पुसायला काढण्याआधी तिनं दुसऱ्या हातानं उल्हासचं मनगट घट्ट धरलं.